कोंबड्याची कातडी फाटते, खुंट राहतात: दरवर्षीचं दुखणं आणि त्यावरचे इलाज

गणपती गेले की आमच्या वाडीत एकच रडगाणं सुरू होतं. कोंबडा घरचा, भाताच्या कोंड्यावर नि किड्यांवर पोसलेला, आणि पिसं काढायला बसलं की छातीवरची कातडी उसवलेल्या पिशवीसारखी फाटत जाते. नाहीतर पीस हाताला दाद देत नाही, अर्ध्यात तुटतं. नाहीतर सगळं छान निघतं आणि शेवटी अंगभर काळे खुंट, म्हणजे कातडीत रुतून राहिलेली कोवळ्या पिसांची बुडं, उरतात. मग खळ्यात बसलेल्यांपैकी एक जण म्हणतो, ‘जून होता.’ दुसरा म्हणतो, ‘तुझा हातच जड.’ आणि तिसरा विळी मागवून कातडीच काढून टाकतो, म्हणजे वड्यांबरोबरच्या रश्शावर यायचा तवंग कातडीबरोबर खड्ड्यात जातो.

राखणेचे कोंबडे साफ करायचं काम वाडीत बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. जागेच्या राखणदाराला वर्षाला कोंबडा द्यायचा ती राखण, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगितलं. त्या एका दिवसात सात-आठ कोंबडे हाताखालून जातात. तेवढ्यावरून सांगतो, कोंबड्याला आणि हाताला दोष देण्याआधी टोपातलं पाणी बघा. बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो, आणि तो पहिलं पीस ओढायच्या आधीच झालेला असतो.

पाणी नेमकं किती गरम

पीस कातडीतल्या एका खोबणीत रुतलेलं असतं आणि भोवतालचे बारीक स्नायू व ऊती त्याला आवळून धरतात. गरम पाण्याने ही पकड सैल होते. अडचण अशी, की तेच गरम पाणी कातडीवरही काम करत असतं. कातडीला चिवटपणा देणारं कोलॅजन ६०-६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आकसायला लागतं, आणि आणखी तापलं की विरघळून चिकट होतं. म्हणजे पिसाची पकड सुटणं आणि कातडी शिजणं यांत अंतर थोडंच. त्या फटीत काम उरकायचं.

कारखान्यांत ब्रॉयलरसाठी दोन पद्धती चालतात. एक, ५० ते ५३ अंशांत दोन-तीन मिनिटं, म्हणजे कातडीवरचा पिवळा पापुद्रा शाबूत राहतो. दुसरी, ५८ ते ६२ अंशांत मिनिटभर, त्यात तो पापुद्रा निघून जातो. पण तिथे पक्षी सहा आठवड्यांचा, पाणी सतत घुसळलेलं, तापमान यंत्राने राखलेलं आणि पिसं काढायला रबरी बोटांचं मशीन. आपला गावठी कोंबडा दीड-दोन वर्षांचा, पिसारा दाट, आणि आपण एका टोपात तो बुडवणार. म्हणून हाताने काढायचं तर मी ६३ ते ६५ अंश धरतो. तलंगेला, म्हणजे कोवळ्या कोंबडीला, ४०-४५ सेकंद, मोठ्या कोंबड्याला मिनिटभर, अगदीच जून असला तर सव्वा मिनिट.

थर्मामीटर घ्या. दांडीवाला डिजिटल, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. वाडीत पहिल्यांदा आणला तेव्हा लोक हसले होते. ‘आता कोंबड्याचा ताप बघतलो,’ असं एक जण म्हणाला. आता राखणेच्या आदल्या दिवशी तोच मनुष्य तो मागायला येतो.

आमची आजी थर्मामीटरवाचून करायची, हे खरं. चुलीवरून टोप खाली घ्यायची, पाण्यात बोट घालून झटकन काढायची आणि म्हणायची, ‘वाईच निवांदे रे, मगे बुडव.’ पण तिची बोटं साठ वर्षं चुलीत निखारे सारून निबर झालेली. तिला जे पाणी ‘सोसवतं’ ते आपल्याला पोळतं, आणि आपल्याला जे सोसवतं त्यात पीस ढिम्म हलत नाही. बोटाची परीक्षा ज्याच्या त्याच्या बोटापुरती. दुसऱ्याने ती करू नये, ६५ अंशांच्या पाण्यात काही सेकंदांत कातडी भाजते, आणि ती आपली असते.

थर्मामीटर नसेलच तर निम्मं उकळतं आणि निम्मं साधं पाणी मोजून मिसळा. कोकणात साधं पाणी २६-२७ अंशांचं असतं, म्हणजे मिश्रण ६३च्या घरात येतं. बादली थोडी उष्णता खाते म्हणून उकळत्याचा हात जरा सैल सोडा. आमच्याकडे हे माप इतकं बसलेलं आहे, की ते सगळीकडे चालतं असं मी समजत होतो.

मग धाकट्या बहिणीकडे पाचगणीला गेलो. डिसेंबर होता. दाजींनी कोंबडा आणलेला, मी मोठ्या तोऱ्यात निम्मं-निम्मं पाणी केलं, मिनिटभर बुडवला, आणि पंखाचं पीस ओढलं तर कोंबडाच माझ्याकडे ओढला गेला. दाजी काही बोलले नाहीत, हेच वाईट. दुसऱ्या दिवशी डोकं चाललं. थंडीत तिथलं नळाचं पाणी १५ अंशांवर आलेलं. त्यात पाचगणी समुद्रसपाटीपासून १,२९० मीटरवर, तिथे पाणी शंभर अंशांना उकळतच नाही, ९६च्या अलीकडेच उकळी फुटते. दोन्हींची सरासरी काढली तर ५५. एवढ्यात गावठी कोंबड्याचं पीस सुटायला मिनिट पुरत नाही. घाटावर आणि थंडीत उकळतं दोन भाग, साधं एक भाग असं धरा, आणि शक्यतो मोजाच.

टोप लहान

पाणी मोजलं, ६५ आहे, तरी पिसं निघत नाहीत अशी तक्रार आली की मी टोप केवढा ते विचारतो. चार लिटरच्या टोपात दीड किलोचा कोंबडा बुडवला तर पाणी पाहता पाहता चार-पाच अंशांनी उतरतं. बारा लिटरच्या बादलीत तोच कोंबडा दीड-दोन अंशच खातो. शिवाय लहान टोपात अर्धा पक्षी बाहेर राहतो, मग तो उलटा-पालटा करताना एक बाजू जास्त शिजते आणि दुसरी कच्ची. कोंबडा पूर्ण बुडून वर चार बोटं पाणी राहायला हवं. एकामागून एक कोंबडे करायचे असतील तर शेजारी चुलीवर उकळतं पाणी ठेवून प्रत्येक कोंबड्यानंतर तांब्या-दोन तांबे ओतत राहा. राखणेच्या दिवशी पहिले दोन कोंबडे सुरेख आणि पुढचे सगळे हट्टी निघतात, त्याचं कारण हेच.

पाणी आत पोचतच नाही

पीस पाणी झटकायलाच घडलेलं आहे. त्याच्या धाग्यांना सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत अडकून ताडपत्रीसारखा पडदा तयार होतो. शिवाय शेपटीच्या बुडाशी वर एक तेलाची गाठ असते, कोंबडी चोचीने तिथलं तेल घेऊन अंगभर फासत बसलेली तुम्ही पाहिली असेल. असा पक्षी नुसता पाण्यात सोडला तर वरवर भिजतो, पिसांत हवा अडकून तरंगतो आणि कातडी कोरडीच राहते.

म्हणून पाय धरून डोकं खाली, आणि वर-खाली, वर-खाली. पिसं उलट्या दिशेने फुलली पाहिजेत म्हणजे मुळाशी पाणी जातं. लाकडाच्या पळीने मांड्यांखाली आणि काखेत दाबा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले तर तेल सुटतं. कोंबडा नंतर स्वच्छ धुवायचाच असतो, चव लागत नाही. काकीला हे पटलं नाही, तिने माझ्या कोंबड्याला साबणाने न्हाणलं म्हणून गावभर सांगितलं. रस्सा मात्र तिने दोनदा वाढून घेतला.

झाला की नाही हे कसं कळायचं? शेपटीचं एक मोठं पीस आणि पंखाच्या टोकाचं एक पीस ओढून बघा. चिखलातून काडी निघावी तसं निघालं की झालं. पायाच्या पिवळ्या खवल्यांवर अंगठा घासला की वरचा पापुद्रा सुटतो, तीही खूण. दोन्ही जुळल्यावर एक क्षणही जास्त ठेवू नका. ‘अजून थोडा राहू दे, सोपं जाईल’ म्हणून ठेवलेला कोंबडाच फाटतो.

देवस्थानापासून घरापर्यंत

हे कारण मला फार उशिरा कळलं. राखण द्यायची जागा आमच्या घरापासून लांब, डोंगराच्या अंगाला. सकाळी मान दिला, गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, गप्पा झाल्या, कोंबडे गोणपाटात घालून माणसं घरी येईपर्यंत दीड-दोन तास. तोवर शरीर थंड पडून ताठरतं. त्या ताठरण्यात पिसांभोवतीचे स्नायूही आवळतात, आणि जे पीस दहा मिनिटांच्या आत बोटांनी निघालं असतं त्याला आता झटापट करावी लागते. पाणी तेच, कोंबडा तोच, हात तोच.

यावर उपाय दोन. जमलं तर टोप आणि सरपण तिथेच न्यायचं, आम्ही आता हेच करतो, तीन दगडांची चूल लागतेच कशाला ना कशाला. नाहीतर उशीर झालेल्या कोंबड्याला ६६-६७ अंश आणि दीड मिनिटापर्यंत वेळ द्यायचा, दर वीस सेकंदांनी शेपटीचं पीस तपासत.

घाई मात्र दुसऱ्या टोकाची नको. गळा कापल्यावर उलटा धरून दीड-दोन मिनिटं रक्त पुरतं जाऊ द्या, आणि अंगात जराही हालचाल नाही, श्वास थांबला आहे याची खात्री झाल्याशिवाय पाण्यात घालू नका. त्या जिवाला तेवढं आपण देणं लागतो. शिवाय रक्त नीट गेलं नाही तर कातडी लालसर राहते, पिसांच्या मुळाशी ठिपके उठतात, आणि घरातले ‘साफ केला नाही’ म्हणतात. आदल्या रात्रीपासून दाणे बंद ठेवले, फक्त पाणी दिलं, तर गरम पाण्यात विष्ठा सुटून टोप घाण होत नाही.

कातडी फाटते ती ठरलेल्या जागी

आता फाटण्याकडे येतो. आधी रंग बघा. फाटलेल्या जागी मांस उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसत असेल, कातडी आकसून चुरगळली असेल, तर पाणी जास्त गरम होतं किंवा वेळ जास्त झाला. लगेच थंड पाण्यात बुडवा, शिजणं थांबेल, आणि उरलेली पिसं हळूहळू, दोन-दोन करून काढा. मांस कच्चं, गुलाबी आहे आणि तरी फाटली, तर दोष ओढण्याचा.

फाटण्याच्या जागा तीन: छाती आणि मांडी जिथे मिळते ती घडी, मानेचा बुडखा, आणि शेपटीखालचा भाग. तिन्हीकडे कातडी सैल, खाली हाडाचा आधार नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने कातडी ताणून धरा, उजव्या हाताने चिमटीत मावतील तेवढीच पिसं घ्या आणि ती ज्या दिशेला वाढली आहेत त्याच दिशेला, कातडीला लागून, झटकन ओढा. वर उचलून ओढलंत की कातडी तंबूसारखी वर येते आणि तिथेच फाटते. पाठीवर नि मांड्यांवर मूठभर ओढली तरी चालतं. छातीवर मुठीने ओढणाऱ्याला मी उठवतो, मग तो वयाने कितीही मोठा असो.

क्रम पंखांपासून. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं सगळ्यात खोल रुतलेली आणि पक्षी गार होताच सगळ्यात आधी आवळणारी. पाण्यातून काढल्या काढल्या ती एकेक करून काढायची, मग पाय, पाठ, मान, आणि छाती शेवटी, निवांत. पुष्कळ जण छातीला आधी हात घालतात कारण तिथे पटकन निघतं, आणि पंखांपर्यंत पोचतात तेव्हा पक्कड शोधत फिरतात.

खुडूक बसलेली कोंबडी असेल तर तिच्या पोटाखालची पिसं विरळ झालेली असतात आणि कातडी पातळ. तिला दहा सेकंद कमीच ठेवा. खरं तर खुडूक कोंबडी कापूच नये, पण आता तुम्ही ठरवलंच आहे तर.

खुंट

आता गणपतीनंतरच हे दुखणं का वाढतं ते. कोंबड्या वर्षातून एकदा पिसं झाडतात, आणि दिवस लहान होऊ लागले की ते सुरू होतं. आपल्याकडे पावसाळा सरता सरता, म्हणजे नेमकं राखणेच्या, नवरात्रानंतरच्या आणि देवदिवाळीच्या दिवसांत. आधी डोकं आणि मान, मग छाती, अंग, पंख, शेवटी शेपटी असं झडत जातं, आणि जुन्याच्या जागी नवं पीस निळसर नळीत गुंडाळलेलं वर येतं. त्या नळीत रक्त असतं. ती नळी पिसासारखी धरता येत नाही, दाबली की फुटते, काळसर पाणी येतं आणि मूळ आतच राहतं.

पाण्याचा इथे इलाज नाही. जास्त गरम करून बघणारे शेवटी कातडीही घालवतात. इलाज आदल्या आठवड्यातला. कोंबडा उजेडात धरा, मानेच्या आणि छातीच्या पिसांवर उलटी फुंकर मारा. तळाशी निळ्या-काळ्या काड्या दिसल्या तर तो मागे ठेवा, दुसरा निवडा. पिसं पूर्ण बदलायला दोन-तीन महिने जातात. नवसाचाच असेल आणि दिवस ठरलेला असेल, तर बोथट सुरी घ्या. सुरीची कड खुंटाखाली, अंगठा वर, आणि मुरूम पिळावा तसं मुळातून वर ढकला. भुवयांचा चिमटा मोठ्या खुंटांना उपयोगी पडतो. आमच्या वहिनींनी एकदा एका कोंबड्यावर दीड तास काढला, समोर टीव्ही लावून. मालिका दोन संपल्या, कोंबडा एक.

कडकनाथवाल्यांसाठी वेगळं. झाबुआकडच्या या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून आपल्याकडेही ती घरोघर दिसू लागली. तिची कातडी, मांस, हाडंसुद्धा काळी. काळ्या कातडीत काळा खुंट दिसत नाही, सगळं साफ केलं म्हणून खाली ठेवावं आणि जेवताना दाताखाली यावं. तिथे डोळे सोडा, बोटं वापरा. कोरड्या कातडीवर तळवा शेपटीकडून मानेकडे फिरवा, उलटा. जिथे खरखरेल तिथे सुरी लावा. उलट पांढऱ्या पिसांचा पक्षी मिळाला तर निम्मं काम कमी, कारण खुंट राहिला तरी नजरेत भरत नाही. कारखान्यातल्या कोंबड्या पांढऱ्या असतात त्यामागे हेही एक कारण आहे.

लव आणि जाळ

पिसं निघाली तरी केसांसारखी लव राहते. ती भाजून काढायची. आमच्याकडे चूड पेटवायचे, म्हणजे नारळाच्या झावळीची मशाल, घाटावर पेंढा किंवा कडबा. जाळ हलका, झटक्याचा हवा. तक्रार येते ती ‘कोंबडा काळा झाला, धुराचा वास मारतो’ अशी. कारण पक्षी ओला. आधी फडक्याने टिपून घ्या, पाच मिनिटं वाऱ्यावर टांगा, मग जाळावरून फिरवा, थांबवू नका. गॅसची निळी ज्योत उत्तम, पिवळी असेल तर बर्नर साफ करा. रॉकेलचा बोळा पेटवून भाजलेला कोंबडा मी एकदा एका घरी खाल्ला आहे. पुन्हा त्या घरी शाकाहारी आहे असं सांगतो. आणि पेंढ्यात प्लास्टिकची सुतळी गेलेली नाही ना, तेवढं बघा.

भाजून झालं की हळद आणि तांदळाचं पीठ चोळून, कोमट पाण्याने धुवा. काजळी आणि सुटलेला पापुद्रा त्यात निघून येतो, कातडी पिवळीधमक दिसते. शेपटीवरची तेलाची गाठ आत्ता सुरीने खोलवर कापून काढा, राहिली तर रश्शाला उग्र वास येतो.

बदकाबद्दल लोक विचारतात. बदकाला वरचं पीस, खाली मऊ पिसांचा थर, आणि तेल भरपूर. ६५ ते ७० अंश, दोन ते तीन मिनिटं, साबण हवाच. तरी लव उरते. मेण वितळवून त्यात बुडवायचं, थंड पाण्यात घालायचं आणि घट्ट झालेलं कवच सोलायचं, ही पद्धत चांगली चालते. पण एका बदकासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा मी कातडी काढतो. इथे मला लाज वाटत नाही.

रानपाखरं आणि यॉर्कशायरचा मावसभाऊ

जुनी माणसं तितर, लाव्हरी, पाणकोंबडी पाण्यावाचून, नुसती बोटांनी साफ करत, तसं का करत नाही असं कोणी ना कोणी विचारतंच. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी ती शिकार बंद केली. रानकोंबडा आवारात आला तर बघायचा आणि सोडून द्यायचा. पाळीव लाव्हरी आणली असेल तर तिची कातडी सिगारेटच्या कागदाएवढी पातळ, ६० अंशांवर जाऊ नका आणि वीस-पंचवीस सेकंदांत बाहेर काढा.

शिकारीच्या पाखरांचा अनुभव मला मिळाला तो मोबाईलवरून. मावसभाऊ इंग्लंडात यॉर्कशायरला असतो. तिथे १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेजंट नावाच्या रानपाखराच्या शिकारीचा हंगाम, शेजारच्या शेतकऱ्याने त्याला पिसांसकट एक जोडी दिली. यानं माझी रीत आठवून पाणी ६५ केलं, मिनिटभर बुडवलं, आणि व्हिडिओ कॉल लावला. ‘दादा, ही बघ तुझी पद्धत.’ छातीवर कातडी नव्हतीच, पिसांबरोबर सगळी हातात आलेली.

चूक माझी नाही, पण शिकलो मी. फेजंटची कातडी गावठी कोंबड्याच्या मानाने फार नाजूक. तिथे ही पाखरं थंड, हवेशीर जागी काही दिवस पिसांसकट टांगतात, मग ताठरपणा जातो, आतली चरबी थंडीने घट्ट होऊन कातडीला आधार देते आणि पिसं कोरडीच निघतात, एका वेळी दोन-तीन. आपल्याकडच्या हवेत असं टांगलं तर संध्याकाळी मुंग्याच काढाव्या लागतील, त्यामुळे ही नक्कल करू नका. दुसरी गोष्ट छऱ्यांची. छरा शिरला तिथे आधीच भोक असतं आणि फाटणं तिथून सुरू होतं, म्हणून भोकाच्या कडेला बोट दाबून, भोकापासून लांब ओढत न्यायचं. छऱ्याबरोबर पिसांचा एक झुबका मांसात ओढला जातो. तो झुबका चिमट्याने काढला की त्याच्या टोकाशी बहुतेक वेळा छरा सापडतो. दुसऱ्या पाखराला त्याने पाणी दाखवलं नाही, स्वयंपाकघर बंद करून गॅरेजमध्ये बसला, अर्धा तास लागला आणि अख्खं पाखरू निघालं. पिसं मात्र मार्चपर्यंत गाडीत सापडत होती म्हणे.

मेलेला पक्षी साफ करू नका

आपोआप मेलेली, मान टाकलेली, तुरा निळा-जांभळा पडलेली कोंबडी ‘वाया जाईल’ म्हणून साफ करायला घेऊ नका. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, ते आठवत असेल. शिजवताना मांस आतपर्यंत ७० अंशांवर गेलं की तो विषाणू मरतो, पण पिसं काढणारा माणूस शिजवायच्या कितीतरी आधी त्या पक्ष्याच्या तोंडाशी बसलेला असतो. कोंबड्या अशा मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवीही पिसं काढणं खळ्यातच, वाऱ्याकडे पाठ करून. नखाजवळ चीर असेल तर हातमोजे घाला, आणि त्या टोपात भाजी धुवू नका.

फाटलेल्या कोंबड्याचं काय करायचं? चीर लहान असेल तर तसाच तोडा, तुकडे केल्यावर कोणाला कळत नाही. मोठी असेल तर तेवढी कातडी वेगळी कापून तव्यावर मंद आचेवर ठेवा, चरबी सुटेल, त्याच चरबीत कांदा परतून वाटण घाला. तवंग पुरता येतो.

आणि पिसं उकिरड्यावर टाकू नका, कुत्री दारोदार पसरतात. पिसांत नत्र भरपूर, पण पीस ज्याचं बनतं ते केराटिन लवकर कुजत नाही. माडाच्या बुंध्यापासून दोन हात लांब गुडघाभर खड्डा खणून पिसं आणि निवलेलं पाणी त्यात ओता, वर शेण आणि माती, त्यावर एक धोंडा. धोंडा ठेवायला विसरलात तर रात्री कोल्हा येऊन सगळं उकरून ठेवतो, आणि सकाळी खळं पुन्हा तुम्हालाच झाडावं लागतं.